खो-खोतला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरतो तरी कसा?

राज्य अजिंक्यपद खो-खो स्पर्धा संपली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर तिची बातमी येते. कुठला जिल्हा जिंकला, किती गुणांनी जिंकला की डावाने, हे वर ठळक अक्षरात असतं. अगदी खाली, जाहिरातीला टेकून, दोन नावं असतात: राजे संभाजी पुरस्कार अमक्याला, राणी अहिल्या पुरस्कार अमकीला. म्हणजे त्या स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट अष्टपैलू पुरुष खेळाडू आणि सर्वोत्कृष्ट अष्टपैलू महिला खेळाडू. ती नावं कशावरून ठरली, याचा बातमीत पत्ता नसतो. बातमीतल्या कंसांमध्ये मात्र थोडं गणित सांडलेलं असतं: (२.१०, १.४० मि. संरक्षण व ३ गुण). ते नीट वाचता आलं, तर पुरस्काराचा निम्मा उलगडा घरबसल्या होतो.

उरलेला निम्मा मैदानावरच होतो. त्याबद्दल पुढे; आधी तुलनेसाठी बास्केटबॉल.

मीरा रोडच्या नव्या संकुलांमध्ये आता पोहण्याच्या तलावाशेजारी बास्केटबॉलची जाळी हमखास असते. तिथे संध्याकाळी चेंडू आपटणाऱ्या पोरांना अमेरिकेतल्या ‘प्लेअर ऑफ द इयर’बद्दल विचारलं, तर ती धडाधड नावं सांगतील. तिकडे कॉलेजांचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात आणि प्रत्येक कॉन्फरन्स दरवर्षी आपला सर्वोत्तम खेळाडू निवडते. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स १९५३ मध्ये स्थापन झाली आणि १९५४ मध्ये वेक फॉरेस्टच्या डिकी हेमरिकला तिचा पहिला पुरस्कार मिळाला. डेव्हिड थॉम्पसन आणि राल्फ सॅम्पसन यांनी तो प्रत्येकी तीनदा पटकावला. पद्धत मतदानाची. कुठे क्रीडापत्रकार मत देतात, कुठे संघांचे प्रशिक्षक. प्रशिक्षक मत देत असतील तर आपल्याच पोराला मत द्यायला सहसा बंदी असते, आणि ते बरंच आहे. हंगामभराचे सामने डोळ्यांखालून गेलेले असतात, आकडे समोर असतात आणि शेवटी मतं मोजली जातात.

आपल्या खो-खोत हंगाम नावाचा प्रकार नाही. चार-पाच दिवसांची स्पर्धा, सकाळ-संध्याकाळ सामने, आणि शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभाच्या आत नावं ठरलेली हवीत. मतपत्रिका वाटायला वेळ नसतो. हाताशी असतं ते गुणपत्रक, आणि मैदानाच्या कडेला बसून सामने पाहिलेल्या जाणकारांची नजर. राज्य स्पर्धेत ही मंडळी तशीही हजर असतात, कारण राष्ट्रीय स्पर्धेसाठी महाराष्ट्राचा संघ त्याच स्पर्धेतून निवडायचा असतो.

आधी पुरस्कारांची वंशावळ सांगून टाकतो, कारण नावं बरीच आहेत आणि गोंधळ होतो. राज्यात पुरुषांना राजे संभाजी, महिलांना राणी अहिल्या. अठरा वर्षांखालच्या कुमार गटात विवेकानंद, मुलींत सावित्री. चौदा वर्षांखालच्या किशोर गटात राणा प्रताप, किशोरींत हिरकणी. राष्ट्रीय स्पर्धेत याच गटांचे पुरस्कार अनुक्रमे एकलव्य आणि राणी लक्ष्मीबाई, वीर अभिमन्यू आणि जानकी, भरत आणि इला. वीर अभिमन्यू हे नाव ज्याने सुचवलं त्याला खेळ कळत होता असं मला नेहमी वाटतं; नऊ जणांच्या वेढ्यात शिरायचं आणि घड्याळाशी लढायचं, याला दुसरं नाव शोभलं नसतं. एकलव्याचं मात्र कोडं आहे. खो-खो हा गुरूशिवाय येणारा खेळ नाही.

राष्ट्रीय पुरस्कारांचं मोल खेळाडूंच्या लेखी मोठं असण्यामागे एक कारण आहे. अर्जुन पुरस्कार खो-खोच्या वाट्याला फार तुटक आला. १९७० साली बडोद्याच्या सुधीर परब यांना तो मिळाला, पुढे श्रीरंग इनामदारांसारखे मराठी खेळाडूही मानकरी झाले, १९९८ साली शोभा नारायण यांचं नाव आलं आणि मग सगळं थंड. थेट २०२० मध्ये धाराशिवच्या सारिका काळे हिला अर्जुन मिळाला. मधल्या बावीस वर्षांत ज्या पिढ्या खेळल्या आणि निवृत्त झाल्या, त्यांच्यासाठी एकलव्य आणि राणी लक्ष्मीबाई हाच कळस होता. २०२५ च्या विश्वचषकात भारताच्या महिला संघाची कर्णधार असलेली प्रियांका इंगळे इला पुरस्कारापासून राणी लक्ष्मीबाईपर्यंत पोचली. किशोरी गटातून खुल्या गटापर्यंतची ही वाट फार कमी जणी पुरी करतात.

भाईंदरच्या एखाद्या मुलीला या वाटेला लागायचं असेल, तर तिच्यासमोर दोन शिड्या आहेत आणि पालकांचा गोंधळ इथेच होतो. पहिली शिडी शाळेची. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धांत मीरा-भाईंदर महापालिकेचं क्षेत्र स्वतःच एका जिल्ह्यासारखं धरलं जातं. इथे जिंकलेली शाळा मुंबई विभागात जाते, तिथून राज्याला. वयोगट १४, १७ आणि १९. दुसरी शिडी संघटनेची. तिथे मीरा-भाईंदर वेगळं नाही, ठाणे जिल्ह्यात मोडतं. जिल्हा निवड चाचणी, मग ठाण्याच्या संघातून राज्य अजिंक्यपद, मग महाराष्ट्र. हिरकणी, सावित्री, राणी अहिल्या हे पुरस्कार या दुसऱ्या शिडीवर आहेत. शाळेच्या शिडीवर कितीही वर गेलात तरी ते तिथे भेटत नाहीत. शालेय प्रमाणपत्र दहावीच्या वाढीव गुणांना उपयोगी पडतं म्हणून बहुतेक घरं पहिल्याच शिडीवर थांबतात. त्यातही ठाणे जिल्हा म्हणजे महिला खो-खोत राज्यभर दबदबा असलेला जिल्हा. त्या संघात जागा मिळवणं हेच एक मोठं काम आहे.

आता खेळ. ज्यांना तो पाठ आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. संघात बारा खेळाडू, मैदानात नऊ. मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद, दोन टोकांना खांब, मधोमध पाटी आणि तिच्यावर आठ चौक. आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ जण चौकात बसतात, शेजारशेजारचे विरुद्ध दिशांना तोंड करून, नववा पळतो. पळणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. बाजू बदलायची तर त्या बाजूला तोंड असलेल्या बसलेल्या गड्याला पाठीमागून हात लावून ‘खो’ द्यायचा. बचावाचा संघ तिघातिघांच्या तुकड्यांनी आत येतो. त्यांना कुठलंच बंधन नाही, चौकांमधून वाटेल तसं फिरावं. तीनही बाद झाले की पुढची तुकडी. खुल्या गटात नऊ मिनिटांची एक पाळी, दोन्ही संघांची एकेक पाळी मिळून एक डाव, असे दोन डाव. बाद केलेल्या प्रत्येक गड्याचा एक गुण.

म्हणजे प्रत्येक खेळाडूची दोन रूपं आहेत: तो किती टिकला, आणि त्याने किती टिपले. पहिलं मोजायचं मिनिट-सेकंदांत, दुसरं गड्यांत. सगळी मेख या दोन मापांत आहे.

गुणलेखकाच्या टेबलावर काय चालतं ते पाहू. पाळी सुरू झाल्याची शिट्टी वाजते, घड्याळ चालू होतं. गडी बाद झाला की लेखक तीन गोष्टी टिपतो: कोण बाद झाला, कुणी केला, आणि घड्याळात किती वाजले होते. समजा एका पाळीत पहिल्या तुकडीतले तिघे १.५०, २.४० आणि ३.३० ला बाद झाले. ते शिट्टीपासूनच आत होते, त्यामुळे हेच त्यांचे संरक्षणाचे आकडे. तिसरा बाद झाला तेव्हा दुसरी तुकडी आत आली, म्हणून तिचा हिशेब ३.३० पासून. ती तुकडी ४.२०, ५.०५ आणि ७.१० ला बाद झाली. वजाबाकी केली की संरक्षण निघतं: ५० सेकंद, १.३५ आणि ३.४०. तिसरी तुकडी ७.१० ला आली, तिच्यातला एक ८.१५ ला गेला, १.०५. बाकी दोघे नऊ मिनिटं संपेपर्यंत टिकले. त्यांच्या नावापुढे १.५० नाबाद. आक्रमक संघाला सात गुण.

इथे पहिली सूचना. २.१० म्हणजे दोन मिनिटं दहा सेकंद. हा दशांश अपूर्णांक नाही. दोन्ही पाळ्यांचं संरक्षण १.५० आणि १.४० असेल तर बेरीज ३.३० येते, २.९० लिहिणारे महाभाग मी स्पर्धेच्या माहितीपत्रकांत पाहिले आहेत. म्हणूनच काही जण हल्ली टिंबाऐवजी विसर्ग टाकतात, २:१० असा.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची, आणि बातमीच्या कंसात ती कधीच सापडत नाही. वरच्या उदाहरणातले दोन खेळाडू घ्या: पहिल्या तुकडीतला ३.३० वाला आणि दुसऱ्या तुकडीतला ३.४० वाला. कंसात दोघे जुळे भाऊ दिसतात. पण पहिल्याचा साथीदार २.४० ला बाद झाला. म्हणजे तो मैदानात एकटा उरला ते जेमतेम ५० सेकंद. दुसऱ्याचा साथीदार ५.०५ ला गेला आणि तो स्वतः ७.१० पर्यंत टिकला. दोन मिनिटं पाच सेकंद तो एकटा, आणि नऊच्या नऊ जण त्याच्याच मागे. एकट्याने काढलेली वेळ ही संरक्षकाची खरी किंमत आहे. ती कोणी छापत नाही, पण गुणपत्रकावरून एका वजाबाकीत निघते: तुकडीतला शेवटचा बाद होण्याची वेळ, वजा त्याच्या आधीचा बाद होण्याची वेळ.

तरी हा आकडाही पूर्ण सत्य सांगत नाही. आक्रमक संघ एका वेळी एकालाच धरून खेळतो. ज्याच्यामागे लागले तो सुटतच नाही असं दिसलं की हुशार संघ त्याला सोडून त्याच्या साथीदाराकडे वळतो. पहिला दीड मिनिट पाठलाग अंगावर घेऊन ज्याने सगळ्यांची दमछाक केली तो, आणि तेवढा वेळ खांबाजवळ श्वास घेत उभा असलेला, दोघांचं घड्याळ सारखंच पुढे सरकतं. कोण पळत होतं आणि कोण उभं होतं हे कागदावर उमटत नाही. त्यासाठी कडेला बसलेली माणसं लागतात.

तुकड्यांचा क्रमही लक्षात घ्यायला हवा. भरवशाचे संरक्षक सहसा पहिल्या तुकडीत जातात, कारण समोरचा संघ ताजातवाना असताना त्याला थोपवायचं असतं. शेवटच्या तुकडीत येणाऱ्याला कधीकधी चाळीसच सेकंद खेळायला मिळतात. तो नाबाद राहतो, पण नावापुढे ०.४०. त्याची पळती वाईट होती असं या आकड्यावरून म्हणता येत नाही, चांगली होती असंही म्हणता येत नाही.

आक्रमणाच्या आकड्याला वेगळंच ग्रहण आहे. पहिल्या डावात मोठी आघाडी घेतलेला संघ समोरच्याला फॉलोऑन देऊ शकतो, म्हणजे त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा आक्रमणाला बसवू शकतो. आपण केलेले गुण त्याला दोन पाळ्यांतही फिटले नाहीत, तर सामना डावाने खिशात. याचा परिणाम असा की बलाढ्य संघाचे आक्रमक अख्ख्या सामन्यात एकदाच बसतात. नऊ मिनिटांत त्यांना मिळतील तेवढेच गडी. पडत्या संघाच्या आक्रमकाला मात्र दोन पाळ्या मिळतात. डावाने जिंकत जिंकत अंतिम फेरीला आलेल्या संघाच्या खेळाडूचे एकूण गुण कमी दिसतात ते बऱ्याचदा यामुळे. बेरीज करणाऱ्याने पाळ्या मोजल्या नाहीत, तर चांगल्या संघाच्या खेळाडूवर अन्याय ठरलेला.

आता खरा पेच. समजा अंतिम सामन्यानंतर दोन नावं उरली. एकाने पाळीमागे सरासरी दोन मिनिटं संरक्षण केलं आणि एक गडी टिपला. दुसऱ्याने सव्वा मिनिट संरक्षण आणि तीन गडी. अष्टपैलू कोण? म्हणजेच, एक मिनिट बरोबर किती गडी? जुन्या नियमांत या भावाचं कोष्टक नाही. बचाव कितीही केला तरी संघाच्या खात्यात त्याचा गुण जमा होत नाही, फक्त समोरच्याचा कमी होतो. चुरशीच्या सामन्यात नऊ मिनिटांत साधारण आठ-दहा गडी बाद होतात, म्हणजे ढोबळमानाने मिनिटाला एक. पण वर पाहिलं तसं, तिघांच्या तुकडीत प्रत्येकाचं मिनिट सारखं नसतं. एकट्याने काढलेलं मिनिट एका गड्याच्या बरोबरीचं धरावं आणि साथीदारांसोबत काढलेलं त्याहून बरंच कमी, असा माझा स्वतःचा हिशेब आहे. तो कुठल्या नियमपुस्तकात नाही.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने या पेचाला हात घातला. पहिलं पर्व पुण्यात बालेवाडीला झालं आणि ओडिशा जगरनॉट्सने जिंकलं. तिथे पाळी सात मिनिटांची. साध्या स्पर्शाने बाद केलं तर एक भाव, खांबावर झेप घेऊन किंवा हवेत सूर मारून टिपलं तर त्याहून वरचा. आणि तुकडी ठरावीक वेळेपलीकडे टिकली तर बचाव करणाऱ्या संघालाही गुण. याला त्यांनी ‘ड्रीम रन’ म्हटलं. दूरचित्रवाणीवर धावफलक हलता राहावा म्हणून हे केलं, असं जुनी मंडळी नाक मुरडून म्हणतात. कारण काही असो, घड्याळाचं गुणांत रूपांतर करायचा दर जाहीरपणे ठरला. माझ्या मते ते चांगलं झालं. दर चुकीचा असेल तर त्यावर भांडता येतं. दरच नसेल तर भांडणार कशावर?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात आयोजकांनी अष्टपैलूचा पेच वेगळ्या रीतीने सोडवला: एका सामन्याची तीन बक्षिसं. सर्वोत्कृष्ट आक्रमक, सर्वोत्कृष्ट संरक्षक आणि सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू. राज्य स्पर्धांमध्येही अष्टपैलूसोबत आक्रमक आणि संरक्षक अशी वेगळी बक्षिसं असतातच. विश्वचषकाच्या दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवलं, महिलांनी ७८-४० आणि प्रतीक वाईकरच्या संघाने ५४-३६. महिलांत अंशु कुमारी आक्रमक ठरली, चैत्रा बी. सर्वोत्कृष्ट, पुरुषांत सुयश गरगटे आक्रमक, मेहुल सर्वोत्कृष्ट. संरक्षकाची दोन्ही बक्षिसं मात्र हरलेल्या नेपाळकडे गेली, मनमती धामी आणि रोहित बर्मा यांच्याकडे. अडतीस गुणांनी हरलेल्या संघात सामन्यातली सर्वोत्तम संरक्षक होती, हे वाचून काहींना आश्चर्य वाटलं. वाटायला नको होतं. जिंकणारा संघ जोरात आक्रमण करतो, म्हणूनच त्याच्यासमोर टिकून राहणारीची पळती उठून दिसते. अष्टपैलूचं बक्षीस बहुधा विजेत्या किंवा उपविजेत्या संघात जातं, कारण तिथे सामने जास्त खेळायला मिळतात आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत शेवटचा सामना ताजा असतो. तीन भाग पाडले की हा कल थोडा मोडतो.

इथपर्यंत जे सगळं सांगितलं ते दोन माणसांबद्दल होतं: पळणारा आणि टिपणारा. खो-खोचं नाव ज्या कृतीवरून पडलं ती करणारा तिसरा माणूस कुठल्याच रकान्यात नाही.

मैदानाच्या कडेला, मधल्या पाटीच्या रेषेत बसून एक पाठलाग पाहा. संरक्षक एकेरी साखळी खेळतोय, म्हणजे चौकांच्या मधून नागमोडी, प्रत्येक चौकानंतर बाजू बदलत. मागे धावणारा त्याला स्पर्श करू शकणार नाही हे त्याला स्वतःलाही ठाऊक आहे. तो चौथ्या चौकापाशी येतो, खो द्यायचं सोडून पाचव्याला ओलांडतो आणि सहाव्याला देतो. संरक्षकाने चौथा धरून पाऊल टाकलेलं असतं. सहाव्यातून उठणारा थेट त्याच्या तोंडावर उठतो. दोन पावलं, एक सूर, गडी बाद. गुणलेखक मान खाली घालून लिहितो: बाद करणारा, सहाव्या चौकातला. तीन सेकंद आधी ज्याने तो गडी खरा मारला तो आता रिकाम्या चौकात बसून धापा टाकतोय. त्याच्या नावापुढे काही नाही.

याच्या उलटही होतं. खो आधी आणि हात मागून, खांद्याची रेषा फिरली, मधल्या पाटीवर पाय पडला, की शिट्टी. फाऊल. त्यात टिपलेला गडी मिळत नाही आणि पाठलागाची लय तुटते. एका पाळीत असे पाच-सहा फाऊल करणारा खेळाडू चार गडी टिपून बक्षीस घेऊन जाऊ शकतो, कारण फाऊल व्यक्तीच्या नावावर मांडण्याची सवय आपल्याकडे नाही.

बास्केटबॉलवाल्यांनी ही गोष्ट केव्हाच ओळखली. तिथे टोपलीत चेंडू टाकणाऱ्याइतकाच तो पुरवणारा मोजला जातो. ‘असिस्ट’ नावाचा रकाना प्रत्येक सामन्याच्या तक्त्यात असतो, व्यक्तीचे फाऊल असतात, हातून निसटलेले चेंडूही असतात. मतदान करणारा प्रशिक्षक किंवा पत्रकार आपला कौल या तक्त्यावरून पारखून घेऊ शकतो. मतदान म्हणजे नुसती आवडनिवड, असं आपण सहज म्हणून टाकतो. खरं तर त्यांचा कौल मतांवर आणि पुरावा भरपूर. आपला कौल आकड्यांवर आणि आकडे दोनच.

यात खो-खोच्या जाणत्यांचा दोष नाही. कडेला बसलेल्या जुन्या खेळाडूला खो देणारा दिसतो, चांगला दिसतो. अष्टपैलू ठरवताना तो बोलूनही दाखवतो. पण बैठकीत समोरचा म्हणतो, कागदावर दाखवा, आणि कागदावर दाखवायला काही नसतं. मग ३ गुणांसमोर २ गुण हरतात. ज्यांची नजर सर्वांत तयार आहे, त्यांनाच शेवटी गुणपत्रकाचा आधार घ्यावा लागतो, कारण दुसऱ्या दिवशी हरलेल्या जिल्ह्याच्या प्रशिक्षकाला उत्तर त्यांनाच द्यायचं असतं.

सुधारणा राज्य संघटनेपासूनच सुरू व्हायला हवी असं नाही. शालेय स्पर्धांची गुणपत्रकं बऱ्याचदा क्रीडाशिक्षकच आखतात, पट्टी आणि पेन घेऊन, सकाळी मैदानावर. त्यात बाद करणाऱ्याच्या रकान्याशेजारी आणखी एक उभी रेघ मारायची: ‘खो कुणी दिला’. लेखकाला फक्त आधीचा एक चौक लक्षात ठेवायचा आहे. सराव झालेल्या माणसाला ते जड नाही, आणि जड वाटलं तर शेजारी दहावीतली एखादी मुलगी बसवा, ती चोख करील. खाली फाऊलसाठी एक ओळ आणि तुकडीतल्या शेवटच्या गड्याने एकट्याने काढलेली वेळ, एवढं पुरे. स्पर्धा संपताना पंधरा मिनिटांत बेरजा होतात.

भाईंदर आणि मीरा रोडच्या क्रीडाशिक्षकांना विनंती एवढीच आहे की यंदाच्या महापालिका क्षेत्राच्या स्पर्धेत हा एक रकाना आखून पाहा. आणि पालकांनो, तुमची मुलगी घरी येऊन म्हणाली की आज मी एकही गडी मारला नाही, तर तिला विचारा, खो किती दिलेस आणि त्यातले किती फळले.